हुंकार वगळून

शैलाचे ओठ हलताहेत आणि आवाज मात्र येत नाही, हे निवास चौगुलेच्या लक्षात आलं तेव्हा सगळ्यात आधी त्याला आनंद झाला. स्वभाव असतो एकेकाचा. दुसरा कुणी असता तर घाबरला असता, कानात बोटं घालून बघितली असती. निवासनं मान वळवून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या राखाडी कॅबिनेटकडं पाहिलं आणि मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात घडी घातलेली साडी होती. तिचे ओठ पुन्हा हलले. मग तिनं साडी सोफ्यावर आपटली.

"सोमवारी निघायचंय म्हटलं मी!"

हे मात्र खणखणीत ऐकू आलं.

"कुठं?" निवासनं विचारलं.

"हैदराबादला. सांगितलंय की तुम्हाला."

"मला? कधी?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. तिथल्या स्टुडिओत एडिटिंगचा सगळा विभाग माझ्याकडं देताहेत. वर्षभर राहावं लागेल. जाऊ का म्हणून विचारलं मी. तुम्ही नको म्हणालासा तर नाही जाणार, असंसुद्धा म्हटलं." तिनं साडी उचलून पुन्हा घडी सारखी केली. "तुम्ही 'हं' म्हणालासा."

निवासला यातलं अक्षरही आठवेना. तो खुर्चीत तसाच बसून राहिला. दिवसभर कारखान्यात पत्रा कापणाऱ्या मशीनजवळ उभं राहून त्याचं डोकं भणभणलं होतं, आणि घरी येऊन या खुर्चीत बसलं की जी गार शांतता अंगावर यायची, तिच्यासाठीच तो हल्ली जगत होता म्हटलं तरी चालेल. शैला आत निघून गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. म्हणजे कपाट ऐकू येत होतं आणि बायको येत नव्हती.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की हैदराबादचंही यानंच गिळलं असणार. त्यानं कॅबिनेटकडं पुन्हा पाहिलं. या वेळी पाठ थोपटली नाही.

* * *

निवास गेली वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटरची कॅबिनेटं बनवत होता. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा छोटासा कारखाना होता. पूर्वी हा धंदा सरळ होता. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, रंग मारायचा. पुढं विचार करणारी यंत्रं आली आणि लोकांना आपली माहिती कुठल्यातरी लांबच्या गोदामात ठेवणं नकोसं झालं. दातांच्या डॉक्टरला एक्स-रे वाचणारं यंत्र दवाखान्यातच हवं झालं, कर सल्लागाराला टेबलाखाली हवं झालं, आणि शैलासारख्या व्हिडिओ करणाऱ्यांना तर ते उशाशीच लागायला लागलं. कारण लग्नाचा व्हिडिओ आता कुणी नुसता जोडत नसे. कॅमेऱ्याला जे सापडलं नाही तेही यंत्र घडवून देई. रुसलेली वरमाय हसू लागे, आणि मंगलाष्टकांत जांभया देणारे काका चौकटीतून नाहीसे होत.

एवढं घडवायचं म्हटल्यावर यंत्र तापणारच. तापलं की वारा हवा, वाऱ्याला पंखा हवा, आणि पंखा म्हटला की आवाज आला. त्यातून गिऱ्हाइकांना कॅबिनेट हवं जेवणाच्या डब्याएवढं. डबा लहान तर पंखा लहान, आणि लहान पंखा पुरेसा वारा द्यायचा म्हणून जिवाच्या आकांतानं फिरणार, किंचाळणार. जिथून वारा जातो तिथून आवाजही जातो, या साध्या गोष्टीशी निवासनं अर्धं आयुष्य झटापट केली होती. फोम लावला की यंत्र गरम. भोकं वाढवली की यंत्र गार आणि शेजारी गरम.

मग तो पडदा मिळाला. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, विजेच्या इशाऱ्यावर थरथरणारा. तो ऐकायचाही आणि बोलायचाही. आवाज म्हणजे हवेतली लाट. लाटेचा चढ येईल तिथं बरोबर तेवढाच उतार सोडला की दोन्ही एकमेकांत जिरतात आणि हवा सपाट होते. तत्त्व जुनंच होतं. हेडफोनमध्ये लोक ते कधीपासून वापरत होते. निवासनं ते कानावरून काढून खोलीला लावलं. थोडा पडदा कॅबिनेटच्या आत, आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत त्याच्याच उभ्या पट्ट्या. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याभोवतीची हवा सपाट ठेवायची, एवढंच त्यांचं काम.

अडचण पुढंच होती. खोलीत पंख्याचा आवाज एकटा नसतो. खालच्या मजल्याची पाण्याची मोटर असते, शेजारचा मिक्सर असतो, लिफ्ट असते, दाराची घंटा असते. यातलं काय गिळायचं आणि काय सोडायचं? त्याचं उत्तर तबस्सुम मुल्लाणीनं शोधलं. ही निवासच्या हाताखालची एकुलती एक इंजिनियर. पडद्यामागचं सगळं डोकं तिचं.

"माणसाचा मेंदू काय करतो सर?" ती म्हणाली होती. "घड्याळाची टिकटिक नव्या घरात पहिल्या दिवशी ऐकू येते, नंतर येत नाही. ज्या आवाजावर आपण कधीच काही करत नाही, तो मेंदू बंद करून टाकतो. डब्यालाही तेच शिकवूया."

मग डबा माणसाकडं बघायला शिकला. एखादा सूर रोज येतोय आणि खुर्चीतला माणूस मान वळवत नाही, उठत नाही, उत्तर देत नाही, तर तो सूर दररोज चिमूटभर कमी करायचा. इतका हळू, की कुणाला कळूही नये. काही आठवड्यांत तो सूर संपायचा.

पहिल्या चाचणीत मात्र घोळ झाला. लक्ष्मीपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात डब्यानं काहीच गिळलं नाही. बघितलं तर तिथला साहेब सगळ्याला 'हं' म्हणत होता. लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाला 'हं', कर्ज घ्या म्हणणाऱ्या फोनला 'हं', रस्त्यावरच्या भोंग्यालासुद्धा 'हं'. डबा बिचारा ते उत्तर समजून बसला होता.

"हुंकार वगळ," निवासनं तबस्सुमला सांगितलं. "हुंकार म्हणजे उत्तर नव्हे. उलट माणूस ऐकत नसल्याचा तो पुरावा आहे."

त्या दिवशी आपल्याच वाक्यावर तो खूष झाला होता. आणि खरोखर, त्यानंतर डबा अप्रतिम चालला. पुण्याची एक मोठी कंपनी रचना विकत घ्यायला तयार झाली. शुक्रवारी त्यांची माणसं येणार होती.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात तबस्सुमनं घरच्या डब्याचं सगळं शिकणं स्क्रीनवर उघडलं आणि ती एकेक ओळ वाचत खाली गेली.

"गिळलाय ना त्यानं शैलाचा आवाज?" निवास अधीर झाला होता.

"मॅडमचा सगळा आवाज नाही सर. एक सूर. त्या स्वयंपाकघरातून तुमच्याशी बोलायला लागतात ना, तो सूर. 'अहो' पासून सुरू होणारा."

"पण रागावली तेव्हा स्पष्ट ऐकू आलं मला."

"रागाचा सूर वेगळा. त्याला शब्द कळत नाहीत सर. सूर कळतो, आणि तुमची मान वळते का नाही ते कळतं."

निवासनं खुर्चीला पाठ टेकवली. कालपासून छातीवर जो दगड होता तो जरा हलला. म्हणजे आपला काही दोष नाही. शैला बोलली असेल, तिच्या बाजूनं खरं असेल, पण आपल्यापर्यंत ते पोचलंच नाही. यंत्रानं मधल्यामधे गिळलं. हे तिला नीट समजावून सांगितलं की झालं. ती रागावेल, हसेल, आणि हैदराबादला नाही म्हणून कळवेल. त्याला एकदम भूक लागल्यासारखं वाटलं.

"सर, हे फक्त तुमच्याकडं झालेलं नाही," तबस्सुम म्हणाली. "लक्ष्मीपुरीत ते कुंभोजकर काका आहेत ना, जुने हेडक्लार्क? ते परवा घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. आपला आवाज बसलाय असं वाटतंय त्यांना. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. घरी नीट बोलतात. ऑफिसात साहेबाच्या खोलीत गेले की बसतो."

निवासला हसू आलं. हसता हसता त्याला त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवला. दारात उभं राहून फाईल पुढं करणारा, आपलं वाक्य दोनदा म्हणणारा. हसू तिथंच थांबलं.

"चाचणीला डबे दिलेत तिथं सगळ्यांना सांगायचं ना सर? आणि पुण्याच्या लोकांनाही?"

निवास किल्ल्या शोधत होता. त्याचं चित्त घरी पोचलं होतं.

"हं," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

"हं म्हणजे हो का नाही, सर?" तबस्सुमनं मागून विचारलं. गाडी सुरू झाली होती.

* * *

दुपारी शैला स्क्रीनसमोर बसली होती. गडहिंग्लजच्या कुठल्यातरी लग्नातली वरात तिच्यापुढं निःशब्द नाचत होती. हातात चहा होता आणि तो गार झाला होता. सोफ्यावर बॅग उघडी पडली होती, अर्धी भरलेली.

निवास स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं. पडदा, सूर, मान वळणं, हळूहळू कमी होणारा आवाज. तो बोलत असताना शैला त्याच्याकडं बघत होती. तिनं मध्ये कुठंही तोडलं नाही. तिला ऐकायची सवय होती. पोटासाठी ती वीस वर्षं लोकांची बोलणी ऐकत आली होती.

"म्हणजे बघ," निवास शेवटी म्हणाला, "तू सांगितलंस हे खरं. पण मला ऐकूच आलं नाही हेही खरं. चूक डब्याची आहे."

"आणि डब्यानं गिळला, कारण तुम्ही कधी मान वळवली नाही."

"तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणता येईल. पण..."

"मला माहीत होतं," शैला म्हणाली.

"काय?"

"डबा माझा आवाज खातोय ते. तुमच्या आधी कळलंय मला." तिनं कप खाली ठेवला. "व्हिडिओच्या मागचं बोलणं मी आधी स्वतःच कच्चं बोलून ठेवते की नाही? माइक इथंच असतो, खुर्चीच्या डोक्याशी. एकदा मी उठून आत गेले, तुम्ही येऊन खुर्चीत बसलासा, आणि माइक चालूच राहिला. नंतर ऐकलं. तुमचा कपबशीचा आवाज होता, चहा भुरकल्याचा होता, लिफ्टचं दार होतं. मी आतून तीनदा हाक मारली होती. माझ्या जागी सपाट रेघ."

निवासनं माइककडं पाहिलं.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

शैला हसली. फार दमलेलं हसू होतं ते. "कसं सांगणार हो?"

खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षा मागं घेत होतं. तिचा आवाज आला नाही. तो डब्यानं कधीच गिळला होता.

"पण मी पण एडिटर आहे," ती म्हणाली. "हैदराबादचं सांगायचं होतं त्या दिवशी मी आधी पडद्याची वायर काढली. कॅबिनेटच्या मागची ती निळी. म्हटलं, आज मधे कुणी नको. तुम्ही आणि मी. वायर काढल्याबरोबर पंखा किंचाळायला लागला. आठवतंय?"

निवासला आठवलं. लख्ख आठवलं. तो बाथरूममधून हात न पुसताच धावत आला होता.

"पंखा ऐकू आला तुम्हाला," शैला म्हणाली. "पळत आलासा. झाकण उघडलंसा, बेअरिंग बघितलंसा, कान लावून बसलासा. मी इथं, शेजारी उभी होते. हाताच्या अंतरावर. सगळं सांगितलं. जाऊ का म्हटलं. नको म्हणा, राहते म्हटलं. तुम्ही पंख्याकडं बघत 'हं' म्हणालासा, आणि मग वायर दिसली तुम्हाला. ती खोचलीसा आणि म्हणालासा, आता बरं वाटलं."

आता त्याला बेअरिंगही आठवत होतं, त्यातला बारीक खरखरणारा सूरही आठवत होता, तो कितव्या पट्टीतला होता हेसुद्धा सांगता आलं असतं. त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी उभं होतं एवढंच आठवत होतं. साडीचा रंगही आठवत नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. यंत्रानं बायकोला गिळायला काही आठवडे घेतले होते. आपण किती वर्षं घेतली असतील?

"भांडायचं नाही मला," शैला म्हणाली. "भांडायचं असतं तर त्याच दिवशी भांडले असते. दमलेय मी. हैदराबादहून आत्तापासूनच कुणीतरी विचारतं, शैलाताई, हे असं ठेवू का? मी सांगते, आणि ते तसं करतात. फोनवर बोलतानाच इतकं बरं वाटलं."

ती पुन्हा स्क्रीनकडं वळली. वरात नाचत होती.

निवासनं खिशातून फोन काढला. शैलाला वाटलं, झालं, लागला हा कामाला. तिनं मान फिरवली नाही.

"तबस्सुम," तो फोनवर म्हणाला. "सकाळी तू विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. सगळ्यांना सांग. लक्ष्मीपुरीच्या पट्ट्या आजच काढ, आणि कुंभोजकरांना माझ्याकडून सांग, त्यांच्या घशाला काही झालेलं नाही. त्यांच्या साहेबासमोर सांग." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "पुण्याच्या लोकांनाही. होय. शुक्रवारी नाही आले तर नाही आले."

फोन ठेवून तो उठला, कॅबिनेटच्या मागं वाकला आणि त्यानं निळी वायर उपटली.

खोलीवर आवाज कोसळला. पंखा किंचाळला, खालची मोटर घरघरली, रिक्षा, मिक्सर, शेजारचा टीव्ही, वरच्या मजल्यावर कुणीतरी सरकवत असलेली खुर्ची, सगळं एकदम आत घुसलं. निवासच्या कपाळात कळ गेली. आयुष्यभर ज्याच्याशी तो लढला होता ते सगळं एकजुटीनं अंगावर आलं होतं. त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि स्टूल शैलाच्या अगदी जवळ ओढलं.

"परत सांग," तो म्हणाला.

"काय?"

"हैदराबादचं. पहिल्यापासून."

"आता काय उपयोग त्याचा?"

"असेल, नसेल. सांग तरी."

शैलानं त्याच्याकडं बघितलं. मग ती सांगायला लागली. पंख्याच्या किंचाळण्यामुळं तिला आवाज चढवावा लागत होता आणि त्याला पुढं झुकावं लागत होतं. स्टुडिओ कुठं आहे, काम काय, हाताखाली कोण कोण, राहायची खोली कशी आहे, तिच्या खिडकीतून काय दिसतं. स्वतःच्या हातानं शिकवलेली एक मुलगी तिथं आधीपासून आहे आणि तिनंच हिचं नाव सुचवलं. हे सांगताना शैलाचा चेहरा असा काही उजळला, की निवासला वाटलं, हा चेहरा आपण कितीतरी दिवसांत बघितलेला नाही. कधीपासून ते त्याला सांगता येईना.

"झालं," ती म्हणाली. "एवढंच. आणि शेवटी विचारलं होतं, जाऊ का?"

निवासच्या ओठांवर 'हं' आलं. सवयीनंच आलं. त्यानं ते गिळलं.

"जाऊ नको असं वाटतंय मला," तो म्हणाला. "घर खायला उठेल. मला चहासुद्धा धड करता येत नाही, ते सोड. तू नसलीस तर मला फार वाईट वाटेल. पण तू जा. तू हे सांगताना जशी दिसलीस ना, तशी इथं दिसत नाहीस. जा तू."

शैला त्याच्याकडं बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे, पण तिनं ते पुसले नाहीत. स्क्रीनवरची वरात थांबवली, कप उचलला, उठून उभी राहिली.

"हं," ती म्हणाली, आणि आत गेली.

निवास स्टुलावर बसून राहिला. हा हुंकार कसा घ्यायचा हे त्याला कळेना. समजली असा? की आता उशीर झाला असा? आयुष्यात पहिल्यांदा त्या एवढ्याशा आवाजात किती काय असू शकतं हे त्याला जाणवलं, आणि आपण तो सरसकट वगळायला सांगितला होता याचं त्याला वाईट वाटलं. डोकं ठणकत होतं. हात लांब केला असता तर वायर खोचता आली असती.

आतून शैलाचा आवाज आला. "अहो..."

पुढचं पंख्यात बुडून गेलं. बॅगेचं काही असेल, चहाचं असेल, नाहीतर आणखी काही. त्याला खरोखरच ऐकू आलं नव्हतं.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.